मुंगीला पंख फुटतात तेव्हा



गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन दोन-तीनच दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी पावसाची जोरदार सर येऊन गेली होती, पण उकाडा काही कमी झाला नव्हता. प्रार्थना संपते न संपते तोच चौथीतला एक मुलगा लोणच्याची रिकामी बाटली घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. आत होती एक भलीमोठी काळी मुंगी. तीही पंखवाली!

"बाई, आजी म्हणते, मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं. हिला वाचवता येईल का हो?"

वर्गात हशा पिकला. त्याच्या डोळ्यांत मात्र पाणी यायचंच बाकी होतं. म्हटलं, चला, आज गणित उद्यावर!

ती होती मुंगळ्यांची राणी. तुमच्याकडे कदाचित डोंगळे म्हणत असतील. मुंग्यांच्या वारुळात वर्षभर राबताना दिसतात त्या सगळ्या कामकरी माद्या. त्यांना पंख नसतात. पण ठरावीक मोसमात वारुळात पंखवाले नर आणि पंखवाल्या तरुण राण्या तयार होतात. उबदार, दमट, वारा पडलेली वेळ आली की त्या भागातल्या अनेक वारुळांतून हे सगळे एकदम बाहेर पडतात. एकाच वेळी का? तर एका वारुळाच्या राणीला दुसऱ्या वारुळाचा नर भेटावा म्हणून. शिवाय पावसाने जमीन मऊ झालेली असते, बीळ खणायला सोपी. याला म्हणतात विवाह-उड्डाण.

मग आजीचं म्हणणं खोटं का? छे! बरंचसं खरं आहे. नर मिलनानंतर लवकरच मरतात. राण्यांपैकीही बहुतेक जणी पाली, बेडूक आणि पक्ष्यांच्या पोटात जातात. पण एखादी वाचते, आणि तिची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

मधल्या सुट्टीत मुलं ओरडत आली, "बाई, पंख गळाले! मेली बहुतेक!" पाहतो तर राणीबाई बाटलीत तुरुतुरु फिरताहेत आणि चारही पंख तळाशी पडलेले. ते गळाले नव्हते, तिनेच ओढून काढले होते. पंखांचं काम आयुष्यात एकदाच, ते झालं. आता ती जमिनीत लहानशी खोली खणून स्वतःला आत कोंडून घेते आणि अंडी घालते. पहिल्या कामकरी मुंग्या तयार व्हायला महिना किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. तोवर मुंगळ्यांची राणी अन्नासाठी बाहेर पडत नाही. पंख हलवणारे छातीतले स्नायू आता लागणार नसतात. ते विरघळतात आणि त्यावर ती स्वतः जगते, पिल्लांनाही भरवते. आहे की नाही आईची कमाल? युरोपातल्या एका काळ्या मुंगीची राणी तर पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून जास्त जगली!

"बाई, आपण हिला वर्गात पाळू या ना," एक मुलगी म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, बाटली ज्याने आणली तोच ठरवील. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हिच्या एकटीत सगळं वारूळ आहे ना बाई? मग नको." आम्ही तिला कुंपणाजवळच्या ओल्या मातीत सोडलं. दोन मिनिटं ती इकडेतिकडे फिरली आणि एका दगडाखाली दिसेनाशी झाली. ती जगली का, कोण जाणे!

त्याचं बोलणं मला पुन्हा आठवलं, कारण एप्रिल २०२५ मध्ये केनियात घडलेला एक प्रकार वाचला. दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे ५,००० राणी-मुंग्या सापडल्या, कापसाचे बोळे घातलेल्या नळ्यांमध्ये. परदेशात मुंग्या पाळण्याचे शौकीन आहेत आणि राण्यांना चांगली किंमत मिळते. मे महिन्यात न्यायालयाने त्यांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा वर्षभराची कैद सुनावली. पाच हजार मुंग्या म्हणजे काही फार नाहीत, असं वाटेल. पण पाच हजार राण्या? हिशोब तुम्हीच करा.

या आठवड्याचा उद्योग

पावसाच्या सरीनंतरच्या उकाड्याच्या संध्याकाळी दिव्याखाली पाहा. आधी मुंगी आणि वाळवी ओळखा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. आता राणी शोधा. तिची छाती फुगीर आणि पोट मोठं असतं. नर सडपातळ, डोकं लहानसं. पंख नसलेली मोठी मुंगी जमिनीवर एकटीच लगबगीने फिरताना दिसली, तर छातीच्या बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा दिसतात का ते बघा.

वहीत तारीख, वेळ, पाऊस कधी पडला, वारा होता का, हे लिहा. जवळून पाहायची असेल तर ओला कापूस घातलेल्या बाटलीत थोडा वेळ ठेवा आणि जिथे सापडली तिथेच सोडा. साखर घालू नका, तिला नको असते. आणि हो, या दिवसांत विंचू-साप बाहेर पडतात. तेव्हा पायात बूट, हातात बॅटरी आणि सोबत घरातलं मोठं माणूस हवंच.

आईबाबांनो, त्या संध्याकाळी पंखवाले पाहुणे घरात शिरले तर औषध फवारण्याआधी पाच मिनिटं दिवा मालवून बघा. बरेचसे आपणहून निघून जातील. त्यातली एखादी कुणाच्या तरी वारुळाची आई व्हायला निघालेली असेल.

तुमच्या बाई