१८१८चा ‘रामदरबार आणा’ आणि पुण्याचा अंकुशी रुपया

#धागा

जुन्या नाण्यांविषयी येथे काही लिहिले की संदेशपेटीत छायाचित्रे येऊ लागतात. त्यांखाली एकच प्रश्न असतो : याचे किती येतील? हे नाणे कोणाचे, असे क्वचितच कोणी विचारते.

मागे असेच एक छायाचित्र आले. एका बाजूस रामदरबार. दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, ‘यू. के. एल.’, ‘वन आना’ आणि सन १८१८. पाठवणाऱ्या गृहस्थांनी ते आजीच्या ठेवणीतले चांदीचे सात रुपये देऊन घेतले होते. असे नाणे तांदूळ ओढते, ही थापही विक्रेत्याने मारली होती.

त्यांना जे कळवले तेच येथे मांडते. हे नाणे कंपनीने कधीही पाडलेले नाही. ती अलीकडची बनावट आहे. १८१८ मध्ये कंपनीचे चलन प्रांतागणिक निराळे होते. बंगालच्या रुपयावर दिवंगत बादशहा शाह आलमच्या नावाचा फारसी मजकूर होता. मुंबईच्या १८०४च्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू आणि ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द होता. ‘एक आणा’ असे इंग्रजीत लिहिलेले परिचित सरकारी नाणे तर १९०७च्या सुमाराचे. ते निकेलमिश्रित आणि नागमोडी कडेचे होते.

मद्रासच्या होनांवर कंपनीने विष्णूची आकृती ठेवली होती, हे खरे. पण ते होन सोन्याचे, आणि ती तेथील बाजाराला आधीपासून ठाऊक असलेली परंपरा होती. बनावटीला असा अर्धसत्याचा टेकू मिळतो.

पुण्यातली गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. तरी अंकुशाचे चिन्ह असलेला अंकुशी रुपया इंग्रज अमलातही काही वर्षे पडत राहिला. शनिवारवाड्यावरचे निशाण बदलता आले, सराफाच्या पेढीवरचा विश्वास एका दिवसात बदलता आला नाही. साऱ्या कंपनी मुलखासाठी एकसारखा रुपया आला तो १८३५ मध्ये, चौथ्या विल्यमच्या मुखवट्यासह.

आता त्या सात रुपयांकडे येऊ. त्यांतले दोन विल्यमचे, उरलेले व्हिक्टोरियाचे. प्रत्येकाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बाराव्या हिश्श्याचीच भेसळ. म्हणजे सात रुपयांत निव्वळ चांदीच सुमारे पाऊणशे ग्रॅम. ही झाली किमान किंमत. तिच्यावरचे मोल टांकसाळ, दुर्मिळता आणि झीज पाहून ठरते. वर्षावर तर डोळे झाकून विसंबू नये : १८६२ हा सन व्हिक्टोरियाच्या रुपयांवर १८७४ पर्यंत तसाच राहिला, आणि अभ्यासक मागील बाजूची बारीक टिंबे मोजून त्यांतले प्रकार वेगळे करतात. चिंचेने वा पितांबरीने घासलेल्या रुपयावर ती टिंबे शोधणे कठीण होते, आणि संग्राहकही अशा नाण्याला कमीच भाव देतो.

विक्रेत्याचा दूरध्वनी अर्थातच बंद होता. “मग या आण्याचे आता काय करू?” असे गृहस्थांनी विचारले. रामाचे चित्र म्हणून देवघरात ठेवा, असे मी लिहिले. विकू मात्र नका.