विश्लेषण : टॅटू काढताय? आधी सुई, शाई आणि हात तपासा!

कपाळ, हनुवटी आणि हातावरचे हिरवे गोंदण ही महाराष्ट्राची जुनी परंपरा. आज तिची जागा टॅटूने घेतली आहे. महानगरांतील स्टुडिओंपासून तालुक्याच्या सलूनपर्यंत आणि गोव्याच्या किनाऱ्यापासून गावच्या जत्रेपर्यंत टॅटू सहज काढून मिळतो. मात्र, तो काढणाऱ्याची पात्रता कुणी तपासलेली असते का? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असेच आहे.

कायदा काय सांगतो?

भारतात टॅटू व्यवसायासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही आणि कलाकाराला प्रशिक्षणाची सक्तीही नाही. महाराष्ट्रात भिंतीवर लावलेला ‘गुमास्ता’ हा स्वच्छतेचा दाखला नव्हे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावी लागते. त्यात सुया किंवा शाई यांची तपासणी होत नाही. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने शाईतील धातूंचा मुद्दा उपस्थित करून केंद्राकडे नियमांची मागणी करण्याचे जाहीर केले. नियम होईपर्यंत तपासणीचे काम ग्राहकालाच करावे लागणार आहे.

धोका नेमका कशात?

टॅटूची सुई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर आत शाई सोडते. तिथे तिचा रक्ताशी संबंध येतो. एकाची सुई दुसऱ्याला वापरली, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. यातील केवळ हिपॅटायटिस बीवर लस आहे, आणि त्याचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सुई बदलली, पण शाईची वाटी तीच ठेवली, तरी धोका टळत नाही. शाई पातळ करण्यासाठी नळाचे पाणी वापरल्यास महिनोन्महिने औषधे घ्यावी लागणारा त्वचेचा संसर्ग होऊ शकतो. ॲलर्जीच्या तक्रारी लाल रंगाबाबत अधिक आढळतात. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, त्यामागेही संसर्गाचीच शक्यता आहे.

स्टुडिओत काय पाहावे?

- सुई सीलबंद पाकिटातली असावी. पाकीट ग्राहकासमोर फोडावे, त्यावरील मुदत वाचावी.
- शाई मूळ बाटलीतून नव्या छोट्या कपात ओतावी. उरलेली शाई पुन्हा बाटलीत जाता कामा नये.
- हातमोजे नवे असावेत. मध्येच मोबाइल हाताळला, तर ते बदलले जातात का, हे पाहावे.
- पुन्हा वापरायचे सुटे भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेले हवेत. निळ्या दिव्याची पेटी त्याला पर्याय नाही.
- वापरलेल्या सुया साध्या कचऱ्यात नव्हे, तर न टोचणाऱ्या जाड डब्यात जायला हव्यात.

हे प्रश्न विचारल्यावर जो चिडतो किंवा टाळाटाळ करतो, त्याच्याकडे टॅटू न काढणेच बरे.

हात चांगला आहे, हे कसे ओळखावे?

इन्स्टाग्रामवरचे ताजे टॅटू सगळेच सुंदर दिसतात. त्यामुळे किमान काही महिने जुन्या, बऱ्या झालेल्या टॅटूंची छायाचित्रे मागावीत. रेषा एकसारखी आहे का, कडेला शाई पसरून निळसर डाग पडला आहे का, हे पाहावे. सुई गरजेपेक्षा खोल गेली की शाई अशी पसरते. नाव किंवा श्लोक देवनागरीत काढायचा असेल, तर त्वचेवर उमटवलेला कच्चा आराखडा दोघांनी वाचावा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक नंतर खोडता येत नाही. लेझरने टॅटू काढायला अनेक बैठका लागतात आणि त्याचा खर्च मूळ टॅटूहून कितीतरी जास्त होऊ शकतो.

कुणी थांबावे?

मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे किंवा जखमेचा व्रण फुगण्याची प्रवृत्ती असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणात टॅटू टाळावा. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी तर जाहिरातीतील अट आधी वाचावी. लष्करात सर्वसाधारण उमेदवारांना कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतील बाजूस आणि तळहाताच्या मागील बाजूसच कायमस्वरूपी टॅटूची मुभा आहे. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत मिळते.

टॅटूनंतर काय?

पहिले काही दिवस थोडी लाली आणि खपली धरणे स्वाभाविक आहे. वाढती सूज, पू, ताप किंवा आठवड्यांनंतरही न जाणाऱ्या गाठी दिसल्या, तर स्टुडिओत नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. जत्रेतला दोनशे रुपयांचा टॅटू स्वस्त वाटतो. पण त्या दोनशे रुपयांत नवी सुई, नवे हातमोजे आणि नवी शाई बसते का, हा हिशेब हात पुढे करण्याआधीच करायला हवा.