साहेब, किल्लीला हात लावू नका

मित्रांनो, आधी एक प्रसंग सांगतो. तुमच्यापैकी निम्म्यांना वाटेल, हा आपलाच आहे.

माझा मावसभाऊ बारावीपासून भरतीच्या मागे लागलाय. पहाटे साडेचारला उठून पळतो, संध्याकाळी पुलअप्स मारतो. आपल्या सीमाभागात प्रत्येक गल्लीत असा एक तरी पोरगा आहे. एकदा तिन्हीसांजेला आम्ही दोघं गाडीवरून घरी येत होतो. गाडी तो चालवत होता, त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मागे मी, माझ्या डोक्यावर नव्हतं. चूक माझी. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, कलम 129 तसंच सांगतं.

एका नाक्यावर पोलीस एकदम आडवा आला. भावाने ब्रेक दाबला, गाडी डळमळली, आणि पाय जमिनीला टेकायच्या आत त्या पोलिसाने हात घालून किल्ली काढली. पुढे कन्नडमध्ये काहीतरी भराभर बोलला. भावाला कन्नड समजतं, बोलताना मात्र अडखळतो. त्याने मराठीतच विचारलं, "सर, काय झालं?"

"कन्नड बरंगिल्लेनू?"

झालं. हेल्मेट राहिलं बाजूला, विषयच बदलला. आवाज चढले. चार माणसं जमली, कुणीतरी मोबाईल काढला, कुणीतरी लांबून घोषणा दिली. पोलिसाने भावाची कॉलर धरली. भावाने तो हात झटकला. फक्त झटकला. आणि लगेच वाक्य आलं, "ड्यूटीवरच्या पोलिसावर हात टाकतोस?"

या वाक्याचा अर्थ माहीत नसेल तर सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 132. आधी आयपीसी 353 होतं तेच. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. दोन वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. भरतीच्या पोराच्या नावावर हा गुन्हा लागला की पोलीस व्हेरिफिकेशनला तो कागद पुढे येतो. तीन वर्षांचं पहाटेचं पळणं एका झटक्यात पाण्यात.

त्या दिवशी ते झालं नाही, कारण तिथे एक वयस्कर हवालदार होते. कन्नडच बोलणारे. ते शांतपणे मध्ये आले, सहकाऱ्याला म्हणाले, तू त्या दुसऱ्या गाड्या बघ. जमलेल्या लोकांना दोन पावलं मागे केलं. किल्ली भावाच्या हातात परत दिली आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "तम्मा, मागच्याला हेल्मेट नाही. दंड भर, पावती घे, घरला जा." आम्ही दंड भरला, पावती घेतली, घरला आलो. तीन मिनिटांचं काम.

रस्ता तोच, कायदा तोच, दंडही तेवढाच. पहिल्या माणसाने मारामारीच्या तोंडावर आणलं, दुसऱ्याने तीन मिनिटांत मिटवलं. त्या हवालदारांनी जे केलं त्याला पोलिसांच्या प्रशिक्षणात 'डी-एस्कलेशन' म्हणतात. साध्या मराठीत, पेटायला आलेलं विझवणं. आवाज खाली, अंतर थोडं जास्त, बोलणारा एकच, आणि समोरच्याला कळेल अशा भाषेत कारण. बस्स, एवढंच. माझं म्हणणं असं की हे त्या एका हवालदारांच्या चांगुलपणावर सोडायची गोष्ट नाही. हा पोलीस खात्याच्या कामाचा भाग आहे आणि तो मागणं आपला हक्क आहे.

आता कुणी म्हणेल, पोलिसांनी तपासणी करायचीच नाही का? करायची की ओ! केलीच पाहिजे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यातली 50,029 हेल्मेट न घातलेली. हे केंद्र सरकारचे आकडे आहेत. उन्हातान्हात धूर खात उभा राहणारा ट्रॅफिक पोलीस आपला जीव वाचावा म्हणूनच तिथे असतो. पण ज्या तपासणीने गाडीवरचा माणूस पडतो, ती तपासणी कुणाचा जीव वाचवते?

हा प्रश्न हवेतला नाही. मे 2025 मध्ये मंड्यात काय झालं आठवा. कुत्रा चावलेल्या लहान मुलीला घेऊन आईबाप दुचाकीवरून हॉस्पिटलला निघाले होते. हेल्मेट तपासणीसाठी त्यांना अडवलं गेलं, त्या गडबडीत गाडी पडली आणि मागून आलेल्या वाहनाखाली ती पोर गेली. तीन सहाय्यक उपनिरीक्षक निलंबित झाले. ते आईबाप मराठी नव्हते. कन्नड मुलुखातलं, कन्नड बोलणारं कुटुंब होतं ते. म्हणून आपल्या पोरांना सांगतो, याला नुसता मराठी-कन्नड रंग देऊ नका. गणवेशाचा हात आधी किल्लीकडे जातो तेव्हा तो समोरच्याची भाषा विचारत बसत नाही. भाषा नंतर येते, आग वाढवायला.

त्याच्या आधी मार्च 2018 मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ असंच झालं होतं. हेल्मेट नव्हतं म्हणून नवऱ्याने गाडी थांबवली नाही. पोलीस निरीक्षकाने पाठलाग करून गाडीला लाथ मारल्याचा आरोप झाला, आणि मागे बसलेली बायको पडून मेली. 2019 मध्ये केरळ हायकोर्टाने स्पष्ट सांगितलं की हेल्मेट नसलेल्या माणसाचा पाठलाग करून, आडवं जाऊन त्याला पकडायचं नसतं. कॅमेरा वापरा, नंबर टिपा. गुन्हा हजार रुपयांच्या दंडाचा, आणि पकडायची पद्धत जीव घेणारी. हे गणित कुठल्याच राज्यात बसत नाही.

मंड्याच्या घटनेनंतर कर्नाटकच्या पोलीस महासंचालकांनीच सूचना काढल्या. डोळ्यांना दिसणारा नियमभंग असेल तरच गाडी थांबवा. अचानक रस्त्यात आडवे येऊ नका. किल्ली हिसकावू नका. मागे बसलेल्याला ओढू नका. पाठलाग करू नका, नंबर टिपून कंट्रोल रूमला कळवा. नीट वाचा, मित्रांनो. आपण जे मागतोय ते आपल्याच राज्याच्या पोलीसप्रमुखांनी लेखी सांगून झालंय. आता ते बंगळुरूपासून निपाणी, खानापूरपर्यंतच्या प्रत्येक नाक्यावर दिसलं पाहिजे.

कायदाही काही वेगळं सांगत नाही. मोटार वाहन कायदा, 1988. कलम 130 प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवायचं. यात वाद नाही, दाखवाच. 2018 पासून नियम 139 प्रमाणे मोबाईलमधलं डिजिलॉकरचं लायसन्सही चालतं. कलम 207 खाली गाडी अडकवून ठेवता येते, पण ती लायसन्स नसणं, रजिस्ट्रेशन नसणं, परमिटचा भंग अशा ठरलेल्या कारणांसाठी. जागेवर तडजोडीचा दंड घ्यायचा अधिकार कलम 200 खाली फक्त सरकारने अधिसूचनेने नेमलेल्या दर्जाच्या अधिकाऱ्याला. अख्खा कायदा चाळा, किल्ली काढून घ्या असं सांगणारं एक कलम सापडणार नाही. आणि हो, कलम 210 बी सुद्धा वाचा. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड.

आता आपला सीमाभागाचा खास त्रास. एमएच पासिंगची गाडी. कोल्हापुरात शिकणारं पोरगं, चंदगडला मामा, गडहिंग्लजला बहिणीचं सासर. आपल्या घरासमोर एमएच गाडी असणं यात नवल ते काय? पण वातावरण तापलं की आधी नंबरप्लेट बघितली जाते. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर एमएच नंबरच्या ट्रकांवर दगड पडले, फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्हीकडच्या एसटी बसेस बंद पडल्या. अशा दिवसांत नाक्यावर थांबवलं गेलं की पोटात गोळा येतो. म्हणून कलम 46 पाठ करा. एका राज्यातलं रजिस्ट्रेशन अख्ख्या भारतात चालतं. कलम 47 पण पाठ करा. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. पहिलं कलम आपला हक्क, दुसरं आपली जबाबदारी. फक्त पहिलंच सांगणारा पुढारी तुम्हाला अर्धं सांगतोय.

नंबरप्लेटचंही तेच. मराठी आकड्यांची प्लेट लावून फिरणाऱ्या पोरांनो, तुमचं भाषेवरचं प्रेम खरं, पण नियम 50 प्रमाणे अक्षरं इंग्रजी आणि आकडे 1, 2, 3 असेच लागतात. कन्नड आकड्यांची प्लेटही तितकीच बेकायदा. आपण आपली प्लेट बदलूया आणि मग मान वर करून विचारूया, साहेब, हाच दंड त्या गाडीला पण लागतो ना?

आणि भाषा. पोलिसाने कन्नडमध्ये बोलावं, त्याला हरकत नाही. राज्याची भाषा आहे. आपल्याला येत नसेल तर शिकलेली बरी, त्याने मराठी कमी होत नाही. पण "कन्नड येत नाही का" हा प्रश्न मोटार वाहन कायद्यातला गुन्हा नव्हे. थांबवलेल्या माणसाला कारण कळलं पाहिजे, मग ते दोन तोडक्या शब्दांत असो, हाताच्या खुणेने असो. अटकेची वेळ आली तर ही नुसती सभ्यतेची गोष्ट राहत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईतल्या एका अपघाताच्या खटल्यातूनच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तक्रार करायची झाली तर घटनेचं कलम 350 आहे. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं. बेळगावात मराठी वापरात नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे?

शांत बोलल्याने पोलिसांचा धाक जातो, असं काही अधिकाऱ्यांना वाटतं. अनुभव उलटा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये 2009-10 साली दारू तपासणीच्या 60 नाक्यांवर प्रयोग झाला. निम्म्या नाक्यांवर पोलीस नेहमीसारखे, निम्म्यांवर कारण सांगणारे, ऐकून घेणारे, आभार मानणारे. दुसऱ्या नाक्यांवरून गेलेल्या लोकांचा पोलिसांवरचा विश्वास जास्त निघाला. अमेरिकेत लुईव्हिल शहरात पोलिसांना डी-एस्कलेशनचं प्रशिक्षण दिल्यावर बळाचा वापर सुमारे 28 टक्क्यांनी घटला आणि पोलिसांना होणाऱ्या इजा 36 टक्क्यांनी. पोलिसांना होणाऱ्या इजा! म्हणजे हे प्रशिक्षण आपल्यावर उपकार नाही, त्यांच्याच हाडांचं रक्षण आहे.

आता आपल्या पोरांशी दोन शब्द, थोडे कडू. नाक्यावर आवाज चढवून, घोषणा देऊन मराठी वाचत नाही. घोषणा देणारा घरी जातो, गुन्हा गाडीवाल्यावर लागतो. थांबवलं की गाडी बाजूला घ्या, इंजिन स्वतः बंद करा, किल्ली स्वतःच्या हातात ठेवा, दोन्ही हात दिसू द्या. "सर, काय चुकलं?" एवढं एकदाच विचारा. बोलणारा एकच असू दे. शूटिंग करायचं तर मित्राने चार पावलं लांबून करावं, पोलिसाच्या नाकासमोर मोबाईल नाचवू नये. कॉलर धरली तरी हात खाली. मला माहीत आहे हे किती कठीण आहे, माझ्या डोळ्यांसमोर तो हात झटकला गेलाय. पण तो झटका कोर्टात आपल्या विरोधात उभा राहतो, आणि खाली ठेवलेला हात आपल्या बाजूने. चूक असेल तर दंड भरा, पावती घ्या. पावती नसेल तर तो दंड नव्हे, हे सांगायला नकोच.

घरी आल्यावर मात्र गप्प बसू नका. त्याच रात्री वेळ, ठिकाण, छातीवरच्या पट्टीवरचं नाव, गाडीचा नंबर लिहून काढा. मराठीत अर्ज करा, पोच घ्या. 2006 च्या प्रकाश सिंह निकालात सुप्रीम कोर्टाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. आपल्या किती जणांनी तिथे अर्ज दिलाय? आपण स्टेटसला राग टाकतो, कागदावर टाकत नाही. आणि कागद नसला की खातं सहज म्हणतं, आमच्याकडे तर एकही तक्रार नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. किल्लीला हात नाही. धावत्या गाडीसमोर उडी नाही, पाठलाग नाही. छातीवर नाव दिसलं पाहिजे, अंगावरचा कॅमेरा चालू पाहिजे. सीमाभागातल्या नाक्यांवर कारण आणि दंडाचे दर कन्नडसोबत मराठीतही लिहिलेला एक फलक. आणि प्रत्येक नाक्यावरच्या पोलिसांना ते तीन मिनिटांचं काम शिकवा, जे त्या वयस्कर हवालदारांना कुणी न शिकवता येत होतं.

माझा भाऊ अजून पहाटे पळतोय. पुढच्या भरतीला उतरेल. कदाचित उद्या तोच खाकी घालून एखाद्या नाक्यावर उभा राहील, आणि समोर कुणीतरी घाबरलेलं, दुसरीच भाषा बोलणारं पोरगं येईल. तेव्हा त्याचा हात आधी किल्लीकडे जाऊ नये.