खपली खरवडून जखम भरत नाही

गेल्या मे महिन्यातल्या एका लग्नात माझी मामेबहीण तोंडाला स्कार्फ बांधून आली. बाहेर ऊन होतं हे खरं, पण हॉलमध्ये पंख्याखाली बसल्यावरही तिनं तो सोडला नाही. जेवताना सोडावाच लागला तेव्हा आम्ही पाहिलं. गाल लालबुंद, त्यांवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, हनुवटीवर मुरमांची रांग आणि कानशिलाजवळ पूर्वी नसलेली दाट लव.

दीड वर्षापूर्वी ती मेडिकलमध्ये गेली होती. रोज स्कूटीवरून कॉलेज, त्यामुळे चेहरा काळवंडलेला. "उन्हानं टॅन झालंय, काहीतरी द्या," एवढंच ती म्हणाली. काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी न मागता एक ट्यूब हातावर ठेवली. आठ-दहा दिवसांत चेहरा उजळला. घरात कौतुक झालं. ट्यूब संपली की दोन दिवसांत चेहऱ्याची आग व्हायची, म्हणून दुसरी ट्यूब, मग तिसरी.

त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन औषधं होती. तिसरं स्टिरॉइड आहे. त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण वांगासाठी देतात, तेही ठरावीक आठवड्यांपुरतं आणि लक्ष ठेवून. महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमं येतात, लव वाढते आणि थांबवलं की आग होते. स्टिरॉइडनं बिघडलेले असे चेहरे भारतातल्या डॉक्टरांनी इतके पाहिले की या अवस्थेला त्यांना वेगळं नाव द्यावं लागलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. माझ्या बहिणीला ती त्यानंतरही साबणासारखी मिळाली.

आता प्रश्न असा की तिच्या चेहऱ्याचं नुकसान नेमकं कशानं झालं? उन्हानं तिला थोडं काळं केलं होतं. बाकी सगळं 'उपायानं' केलं.

या सगळ्याचं मूळ मला एका शब्दाच्या अदलाबदलीत दिसतं. फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ मध्ये. तेव्हा आणि पुढची कित्येक वर्षं 'गोरेपणा' हा शब्द उघडपणे वापरला जायचा. २०१४ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेनं नियम केला की त्वचेच्या रंगावरून कुणाला कमी लेखायचं नाही. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. गोरेपणाची मागणी मात्र कुठेच गेली नाही. तिनं फक्त कपडे बदलले. आता कुणी म्हणत नाही की मला गोरं व्हायचंय. आता म्हणतात, टॅन काढायचंय, सन डॅमेज रिपेअर करायचंय, 'ओरिजिनल स्किन टोन' परत हवाय. ऐकायला शास्त्रीय वाटतं. लाजही वाटत नाही. पण रीलमधला 'आधी' आणि 'नंतर'चा फोटो नीट बघा. 'नंतर'चा चेहरा निरोगी असतो असं नाही, तो फिकट असतो. स्थळांच्या बायोडेटात जो 'निमगोरा' आणि 'गव्हाळ' यांचा हिशेब चालतो, तोच इथे सीरमच्या ड्रॉपरनं मोजला जातो.

आणि शास्त्र नेमकं उलटं सांगतं. अतिनील किरण त्वचेत शिरले की पेशींमधल्या डीएनएला इजा होते. त्यावर त्वचा मेलॅनिन वाढवते आणि पेशीतल्या केंद्रकावर त्या रंगद्रव्याची टोपी चढवते, म्हणजे पुढचा मारा थोडा कमी लागावा. आपण ज्याला टॅन म्हणतो तो हाच बंदोबस्त. तो इजा झाल्याची खूण आहे हे खरं, पण इजा म्हणजे तो नव्हे. जखमेवर खपली धरते, तसं हे आहे. खपली कुरूप दिसते म्हणून खरवडून काढणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. पार्लरमधलं डी-टॅन, ब्लीच, चेहऱ्यावर चोळलेलं लिंबू हा सगळा खपली खरवडण्याचा उद्योग आहे. त्यात लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर रसातल्या द्रव्यांमुळे त्वचा भाजते आणि आधीपेक्षा काळे डाग उठतात. उन्हापासून जपलं तर टॅन काही आठवडे-महिन्यांत आपला आपण उतरतो. त्याला पॅकेज लागत नाही.

खरं नुकसान आरशात लगेच दिसत नाही. यूव्हीबी किरण वरचा थर भाजतात. यूव्हीए त्याहून खोल जाऊन त्वचेला ताठ ठेवणारं कोलॅजन मोडतात, आणि ते खिडकीच्या साध्या काचेतूनही येतात. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला उन्हानं होणाऱ्या कर्करोगाचा धोका गोऱ्यांपेक्षा बराच कमी आहे, पण वांग आणि मुरमांमागे राहणारे काळे डाग आपल्यालाच जास्त छळतात. हे डाग नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतात. म्हणून वांग असलेल्यांना आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन सुचवतात. त्वचा 'गोरी दिसावी' म्हणून पांढरा थर देणारं नव्हे.

इथे लगेच दुसरी बाजू उठून बसते. "आमच्या आजीनं कुठे सनस्क्रीन लावलं होतं?" नाही लावलं. आजी डोक्यावरून पदर घ्यायची आणि जमेल तेव्हा दुपारची सावली धरायची. आणि तरीही जी आजी आयुष्यभर शेतात राबली, तिचा चेहरा आठवा, तिचा मोतीबिंदू आठवा. त्यातही उन्हाचा वाटा असतो. सावळ्या त्वचेला काही होत नाही हा गर्व, आणि सावळी त्वचा म्हणजेच झालेलं नुकसान ही लाज, दोन्ही सारख्याच अडाणी आहेत.

सनस्क्रीन थोतांड नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ या काळात एक मोठा प्रयोग झाला. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना मर्जीवर सोडलं. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढणं साडेचार वर्षांत २४ टक्क्यांनी कमी होतं. हे लोक आपल्यापेक्षा खूप गोरे, हे ध्यानात ठेवूनही मी रोज लावतो. पण एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. नुसत्या चेहऱ्याला दोन बोटं भरून, म्हणजे साधारण एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपते. तुमची सहा महिने पुरत असेल, तर डब्यावरचा ५० हा आकडा तुमच्यासाठी नाही. रीलमध्ये वाटाण्याएवढा ठिपका दाखवणाऱ्यांना हे सांगायचं नसतं, कारण मग महिन्याचा खर्च उघड होतो.

आणि खर्चाची गोष्ट निघालीच आहे तर विचारू या, की ही सगळी बडबड चालते कुणाशी? "घरात बसलात तरी एसपीएफ ५० लावा" हे ज्यांना ऐकवलं जातं, ते बहुतेक एसीत असतात. ऊन ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्याशी कुणी बोलत नाही. ऊसतोडीच्या फडात, रोजगार हमीच्या कामावर, रस्त्याच्या डांबरावर बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. शहरातल्या पोरी त्या पोशाखाला हसतात आणि स्वतः सनकोट घालून स्कूटी चालवतात. दोन्ही एकच आहे. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड हे उन्हापासूनचं सगळ्यात भरवशाचं संरक्षण. ते घामानं वाहून जात नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. पातळ पांढरा टी-शर्ट मात्र वाटतो तेवढा कामाचा नाही, आणि भिजला की आणखीच कमी. त्या बायांनी हे कुठल्याही डरमॅटॉलॉजीच्या रीलशिवाय ओळखलंय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला उन्हाची चिंता आहे त्यानं आधी सावलीबद्दल बोलावं. दुपारी बारा ते तीन या वेळात मजुराला काम थांबवता येतं का, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाच्या डोक्यावर छत्री आहे का, बसस्टॉपला छप्पर आहे का. ज्यांच्या अंगावर कोड आहे किंवा जन्मतः रंगद्रव्यच नाही, त्यांच्यासाठी सनस्क्रीन हे औषध आहे. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवं. आणि शेड्यूल एचचं मलम चिठ्ठीशिवाय देणाऱ्या दुकानावर कारवाई व्हायला हवी. तुमच्या हातात एवढं नक्की आहे की, ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. शेवटी 'सोन' असलेलं नाव दिसलं, मोमेटासोन, बीटामेथासोन, किंवा क्लोबेटासोल दिसलं, तर ती ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा. आधीच बरेच दिवस लावत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

माझ्या बहिणीचे उपचार सुरू आहेत. आग कमी झालीय, लाली अजून आहे. सकाळी ती दोन बोटं भरून सनस्क्रीन लावते, स्कार्फ बांधते आणि स्कूटी काढते. रंग परत सावळा झालाय, म्हणजे तिचा जो होता तो. परवा मामी तिच्याकडे बघून हळहळली, "त्या क्रीमच्या वेळी काय उजळ दिसत होतीस गं!"

आमच्या घरात अजून कुणालाच वाटत नाही की ते नुकसान होतं.