पाण्यावरून दिसणारे जंगल

करिबा हा साठवणक्षमतेने जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय. झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर झांबेझी नदी अडवणारे धरण १९५९ मध्ये उभे राहिले. पाणी चढू लागले तेव्हा टेकड्यांवर अडकलेले सुमारे सहा हजार प्राणी १९५८ ते १९६४ या काळात होड्यांतून किनाऱ्याला नेण्यात आले. टोंगा समाजाच्या सुमारे ५७,००० माणसांना मात्र घरदार सोडावे लागले. सहलीच्या माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

आज त्याच पाण्यावर कुटुंबे हाऊसबोटीत सुट्टी घालवतात. स्वयंपाकी बोटीवरच असतो. रात्री बोट काठाला दोरखंडाने बांधतात, झोपायचे वरच्या मजल्यावर मच्छरदाणीत. पावसाळा सरून पाणी ओसरले की उघड्या काठावर गवत उगवते आणि हत्ती, रानरेडे चरायला उतरतात. पोहणे वर्ज्य, कारण मगरी आणि पाणघोडे.

बैहरच्या वाचकांना हे चित्र अगदीच परके नाही. मुक्कीच्या फाटकातून कान्ह्यात जाणाऱ्यांना सोंफचे मैदान ठाऊक आहे: गाव उठले, बारशिंगा चरू लागला. पेंचच्या तोतलाडोहातही उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर चितळांचे कळप दिसतात. म्हणून या अंकात आम्ही सहलीच्या खर्चापेक्षा धरण, विस्थापन आणि वन्यजीव यांच्या नात्याला अधिक पाने दिली आहेत. धरणामुळे वा जंगलामुळे गाव सोडावे लागलेल्या वाचकांनी आपली हकीकत आम्हाला जरूर लिहून पाठवावी.