‘हृ-द-य’ची फोड आणि हृदयाची चिकित्सा : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

१/२४
‘हृ’ म्हणजे घेणे, ‘द’ म्हणजे देणे, ‘य’ म्हणजे फिरते ठेवणे. म्हणून ‘हृदय’ या शब्दातच रक्ताभिसरणाचा शोध दडलेला आहे. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये नवे ते काय सांगितले? अशा आशयाचा मजकूर मराठी समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. हा दावा खोटा आहे. शिवाय ज्या परंपरेचा गौरव करण्याचा त्याचा आव आहे, तिचीच त्यात सर्वाधिक उपेक्षा होते. हा धागा त्याविषयी.

२/२४
प्रथम मूळ वचन. ते बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात आहे. हे उपनिषद शतपथ ब्राह्मणाचाच अखेरचा भाग. त्यामुळे ‘उपनिषदातही आहे आणि ब्राह्मणातही आहे’ असे दोन पुरावे म्हणून जे सांगितले जाते, तो प्रत्यक्षात एकच उतारा आहे. हृदय हेच प्रजापती, हेच ब्रह्म, हा त्याचा विषय.

३/२४
उताऱ्याचा आशय असा : ‘हृ’ हे अक्षर जाणणाऱ्याला स्वकीय आणि परके भेटी आणून देतात, ‘द’ जाणणाऱ्याला ते दान देतात, ‘यम्’ जाणणारा स्वर्गलोकी जातो. येथे रक्ताचा उल्लेख नाही, शिरांचा नाही, शरीराच्या कोणत्याही व्यापाराचा नाही. उपासनेसाठी अक्षरांचा अर्थ लावण्याची ही उपनिषदांची परिचित रीत आहे. तिला शरीरशास्त्र म्हणणे हा त्या ऋषींवरच अन्याय होय.

४/२४
भाषाशास्त्रही या फोडीला आधार देत नाही. संस्कृत ‘हृद्’, ग्रीक ‘कार्दिया’, लॅटिन ‘कोर’ आणि इंग्रजी ‘हार्ट’ हे सारे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. तो शब्द संस्कृतच्याही आधीचा. तीन संस्कृत धातू जोडून तो बनविला असता, तर ग्रीक व लॅटिनमध्ये त्याची भावंडे सापडलीच नसती.

५/२४
आणि शब्दावरून शरीर ओळखायचेच ठरविले, तर मराठी माणसाची मोठी पंचाईत होईल. मराठीत भीतीने ‘काळीज’ धडधडते, दुःखाने ‘काळीज’ तुटते. परंतु मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की मिळते यकृत. यावरून मराठी लोकांना हृदय आणि यकृत यांतला भेद ठाऊक नव्हता असा निष्कर्ष कोणी काढील काय? शब्दाची व्युत्पत्ती हा शरीररचनेचा पुरावा ठरत नाही.

६/२४
मग पुरावा कशाला म्हणावे? त्यासाठी हृदय कसे आहे ते पाहावे लागेल. छातीत दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, उरोस्थीच्या मागे आणि श्वासपटलाच्या वर ते विसावलेले असते. त्याचे टोक डावीकडे झुकलेले. भोवती हृदयावरणाची पिशवी आणि तिच्या थरांमध्ये थोडासा द्रव, म्हणजे प्रत्येक ठोक्याला घर्षण होऊ नये. प्रौढ माणसाच्या हृदयाचे वजन साधारणतः ३०० ग्रॅमच्या आसपास.

७/२४
आत चार कप्पे. शरीरातून आलेले रक्त महाशिरांवाटे उजव्या अलिंदात, तेथून त्रिदली झडपेतून उजव्या निलयात, मग फुप्फुस धमनीने फुप्फुसांत जाते. फुप्फुसांतून ते डाव्या अलिंदात परतते, द्विदली झडपेतून डाव्या निलयात उतरते आणि महाधमनीने सर्व शरीरभर पोहोचते. चारही झडपा एकाच दिशेने उघडतात.

८/२४
म्हणून ‘रक्ताभिसरण ठाऊक होते’ असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, उजव्या आणि डाव्या बाजूंमधील पडद्यातून रक्त पलीकडे जात नाही. दोन, त्याला फुप्फुसांतून फिरून यावे लागते. तीन, झडपा त्याला माघारी येऊ देत नाहीत. ज्या उताऱ्यात या तिन्हींपैकी एकही नाही, तो उतारा या वादात साक्षीदार होऊ शकत नाही.

९/२४
आता सुश्रुतसंहितेकडे वळू. तिच्या शारीरस्थानात हृदयाची तुलना खाली तोंड केलेल्या कमळाशी केली आहे. जागेपणी ते उमलते, झोपेत मिटते. त्याच्या खाली डावीकडे प्लीहा आणि फुप्फुस, उजवीकडे यकृत आणि क्लोम अशी मांडणी सांगितली आहे. प्लीहा डावीकडे व यकृत उजवीकडे हे अचूक आहे. ‘क्लोम’ म्हणजे नेमका कोणता अवयव, यावर मात्र आजही वैद्यांचे एकमत नाही.

१०/२४
परंतु सुश्रुताची खरी थोरवी पुढच्या अध्यायात आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या मनुष्याचे शव घ्यावे, मुंज, कुश, ताग आदींनी गुंडाळावे, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात निर्जन स्थळी बुडवावे. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा प्रत्येक थर डोळ्यांनी पाहावा. ग्रंथ वाचणे आणि प्रत्यक्ष पाहणे, या दोहोंनीच संशय फिटतो, हा त्याचा आग्रह.

११/२४
त्या काळात ही विलक्षण धाडसाची शिकवण होती. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ही रीत शरीर बाहेरून आत उलगडते. हृदय चिरून त्यातील कप्पे व झडपा तपासण्याची सूचना तेथे नाही. सुश्रुताला जे दिसले ते त्याने लिहिले. जे त्याने लिहिले नाही, ते त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

१२/२४
या दाव्याच्या बाजूने एक उतारा मात्र खरोखर विचारात घेण्याजोगा आहे, आणि गंमत अशी की फिरत्या मजकुरात तो क्वचितच असतो. भेलसंहितेत म्हटले आहे की रस हृदयातून निघून सर्वत्र जातो आणि शिरांवाटे पुन्हा हृदयाकडे येतो. हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो मुख्यतः तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथालयात जपलेल्या एका खंडित हस्तलिखितामुळे. भोसले राजांच्या त्या ग्रंथालयाचे हे ऋण मोठे आहे.

१३/२४
भेलाची कल्पना तेजस्वी आहे. जाणे आणि परत येणे त्याने एकत्र मांडले. परंतु तो ‘रसा’विषयी बोलतो, फुप्फुसांचा फेरा, मधला पडदा, झडपा यांपैकी काहीही सांगत नाही, आणि हे कशावरून ठरविले तेही सांगत नाही. चांगली कल्पना आणि सिद्ध केलेली गोष्ट यांत जे अंतर असते, ते अंतर भेल आणि हार्वे यांच्यात आहे. भेलाला त्याचे श्रेय अवश्य द्यावे. हार्वेचे देऊ नये.

१४/२४
युरोपलाही ही चूक चुकली नव्हती. दुसऱ्या शतकातील गेलनने सांगितले की पडद्यात अदृश्य छिद्रे आहेत व त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. ती छिद्रे कोणालाही दिसली नव्हती. तरीही हजार वर्षांहून अधिक काळ विद्वान ती मानत राहिले, कारण गेलन सांगत होता. पूर्वजांवरील श्रद्धा डोळ्यांवर कशी पट्टी बांधते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

१५/२४
ती पट्टी पहिल्यांदा उतरविली कैरोत वैद्यकी करणाऱ्या इब्न अल-नफीसने. तेराव्या शतकात त्याने लिहिले की पडदा भरीव आहे, त्यात छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतूनच जायला हवे. सोळाव्या शतकात सर्व्हेटस आणि कोलंबो यांनी युरोपात हेच मांडले. ‘सर्व काही पश्चिमेने शोधले’ हाही दावा तितकाच उथळ आहे.

१६/२४
हार्वेने १६२८ मध्ये सर्व धागे बांधले. त्याने हिशेब केला : एका ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात जितके रक्त हृदयातून जाते, तितके संपूर्ण शरीरातही नसते. मग ते येते कोठून? तेच रक्त पुन्हा येते. दंडाला पट्टी बांधून शिरांतील झडपांची दिशाही त्याने दाखविली. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या मात्र त्याला दिसल्या नाहीत. त्या मालपिगीने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

१७/२४
म्हणजे हार्वेचेही ज्ञान अपुरे होते, आणि इतिहास ते निःसंकोच सांगतो. नेमके हेच फिरत्या मजकुराला जमत नाही. त्याच्या लेखी पूर्वजांना एक तर सर्व ठाऊक होते, नाही तर काहीच नव्हते. खऱ्या ज्ञानाचा प्रवास या दोन टोकांच्या मध्ये घडत असतो.

१८/२४
दुसऱ्या टोकाचाही समाचार घेतला पाहिजे. हिंदूंनी प्रेताला कधी हातच लावला नाही, शवविच्छेदन इंग्रजांनी शिकविले, असे वसाहतकाळापासून सांगितले जाते. सुश्रुताचा अध्याय त्याला उत्तर देतो. आणखी एक उत्तर मधुसूदन गुप्त यांचे. कलकत्त्यात १८३६ मध्ये ज्यांनी शवविच्छेदन करून रूढी मोडली, ते संस्कृत महाविद्यालयात वैद्यक शिकविणारे पंडित होते. आणि त्याच सुमारास सुश्रुतसंहिता छापून काढणारेही तेच. एका हातात सुश्रुत, दुसऱ्या हातात सुरी.

१९/२४
मुंबईची कथा वेगळी नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. माटुंग्याच्या पूर्वेला ज्यांच्या नावाचा मार्ग आहे तेच हे डॉक्टर. कुष्ठरोगावरील औषधाचे प्रयोग करणारे भाऊ शिलालेख वाचत, हस्तलिखिते गोळा करीत. आर्यभटादी ज्योतिषांच्या काळाविषयी त्यांनी लिहिलेला निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला.

२०/२४
भाऊंना प्राचीन भारताचा अभिमान कमी होता असे कोण म्हणेल? पण आर्यभटाचा काळ त्यांनी अक्षरांची फोड करून काढला नाही; हस्तलिखिते शोधून, ताडून काढला. पुढे १८८० मध्ये मुंबईतच अष्टांगहृदयाची आवृत्ती सिद्ध करणारे अण्णा मोरेश्वर कुंटे हेही आधुनिक वैद्यकाचे एम.डी. होते. वैद्य गणनाथ सेन यांनी १९१३ मध्ये संस्कृतात नवे शरीरशास्त्र लिहावयास घेतले आणि त्याचे नावच ‘प्रत्यक्षशारीरम्’ ठेवले. सुश्रुताचे वारस हे.

२१/२४
हृदयापुरते बोलायचे, तर माटुंग्याहून लोकलने दोन स्थानके पुढे, परळला उतरावे. तेथील केईएम रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. ख्रिस्तियन बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. जगातील हे सहावे मानवी हृदय प्रत्यारोपण, आणि ते करणारे सेन हे चौथे शल्यविशारद. तेही महापालिकेच्या रुग्णालयात.

२२/२४
याच सेनांनी १९६५ मध्ये एक अपूर्व कल्पना मांडली होती. माणसाच्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या धमन्यांतून. सापाच्या हृदयात मात्र ते पोकळीतूनच थेट स्नायूत शिरते. मग धमन्या तुंबलेल्या मानवी हृदयाच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रे पाडली तर? पुढे इतर देशांत लेसरने अशी छिद्रे पाडण्याचे प्रयोग झाले, त्यांच्या पूर्वेतिहासात सेनांचे नाव येते.

२३/२४
१९६८ चा रुग्ण काही तासांतच दगावला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही टिकला नाही. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा यायला १९९४ उजाडले आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. अपयशासह सांगावा असा हा इतिहास आहे. त्याला तारखा आहेत, नोंदी आहेत, माणसे आहेत. तो ज्या शहरात घडला, त्या शहरातील तरुणांना ‘हृ-द-य’ची फोड तोंडपाठ आहे आणि सेनांचे नाव ठाऊक नाही. खोट्या अभिमानाची खरी किंमत ही.

२४/२४
तो मजकूर पुन्हा कोणाच्या भ्रमणध्वनीवर येईल तेव्हा पाठविणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. मूळ उतारा कोठे आहे आणि त्यात रक्त हा शब्द आहे काय? फुप्फुसांचा फेरा सांगितला आहे काय? झडपा कोणी पाहिल्या? उत्तर न मिळाल्यास त्याला सुश्रुताचा तो पिंजऱ्याचा, वाहत्या पाण्याचा आणि सात रात्रींचा अध्याय वाचावयास द्यावा. ‘पाहून सांगा’ ही अट हार्वेने घातलेली नाही. ती आपल्याच घरची आहे.