स्पॉयलर, भोंगा आणि बाबांची स्विफ्ट

खरं सांगा, सिग्नलला आपल्याच मॉडेलची एखादी गाडी शेजारी येऊन थांबते, तिला चकचकीत अलॉय व्हील्स असतात, मागे छोटासा स्पॉयलर, वर काळं छत... तेव्हा पोटात जरा कालवाकालव होतेच ना? मला तर जाम होते. दोष आपला नाही. आपल्या पिढीला हा किडा लहानपणीच चावलाय. २००४ मध्ये ‘टारझन: द वंडर कार’ आला होता. सिनेमा कसा होता ते सोडा, पण दिलीप छाब्रियांनी टोयोटाच्या एमआर-टू वर बनवलेली ती जांभळी गाडी टीव्हीवर पाहून आमच्या सोसायटीतली समस्त पोरं आपापल्या बाबांच्या गाडीकडे तुच्छतेने बघायला लागली होती.

आमच्याकडे पुढे स्विफ्ट आली. २००९ ची व्हीएक्सआय, चंदेरी, १.३ लीटर पेट्रोल, ८७ बीएचपी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी रात्रीचं ड्रायव्हिंग सोडलं आणि गाडी हळूहळू माझ्या ताब्यात आली. २०२२ च्या दिवाळीत माझे थकलेले तीन चेक एकदम जमा झाले. फ्रीलान्सरच्या पत्रिकेत हा योग ग्रहणासारखा, क्वचितच येतो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. बजेट चाळीस हजार.

‘कंपनीतले इंजिनिअर काय वेडे आहेत?’ हा बाबांचा एकमेव प्रश्न. त्याकडे दुर्लक्ष करून मी नाना पेठ गाठली.

नाना पेठेत मुलीने एकटीने गाडीचं सामान घ्यायला जाणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ‘ताई, गाडी मिस्टर चालवतात का?’ इथून सुरुवात. मी चालवते म्हटल्यावर समोर लगेच गुलाबी सीट कव्हर्स आली! ती परत पाठवून मी घेतलं ते असं: १४ इंची अलॉय, स्पॉयलर, छताला काळी विनाईल, डबल आवाजाचा भोंगा, लाल दोऱ्याची शिलाई असलेलं स्टिअरिंग कव्हर आणि एक धुऊन पुन्हा वापरता येणारा ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टर. छत्तीस हजार उडाले. टायर तेच ठेवले. अलॉय बसवणाऱ्याने स्वतः रबरावरून हात फिरवून सांगितलं होतं, ‘ताई, नक्षी बघा, नवेच आहेत. कशाला खर्च करता?’ बाबांचं रनिंगच कमी, त्यामुळे नक्षी खरंच भरपूर होती.

आठवडाभर कॉलर एकदम टाईट. मग मी फिल्टरचा विचार करायला लागले, कारण गाडी पळत तेवढीच होती.

आमचे मिस्त्री म्हणजे कमी शब्दांचा माणूस. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. टर्बो नसलेलं छोटं पेट्रोल इंजिन प्रत्येक फेरीत ठरावीक हवाच ओढू शकतं. फिल्टर स्वच्छ असेल तर त्याची अडचण मुळात नसतेच, मग महागड्या फिल्टरने दूर काय करायचं? वाढलीच ताकद तर एखाद-दुसरा घोडा, आणि तोही इंजिन ओरडत असताना. शहरात आपण ओरडू देतो कुठे? उलट बॉनेटखाली उघडा बसवायचा शंकूसारखा फिल्टर मिळतो, तो इंजिनचीच गरम हवा आत घेतो आणि गरम हवा पातळ असते. म्हणजे पैसे देऊन ताकद घालवायची! आवाज मात्र भारी येतो, आणि आपल्याला वाटतं गाडी पळतेय. सायलेन्सर बदलण्याचा फंडाही बहुतांश हाच. सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं टर्बो डिझेलमध्ये चांगलं जमतं, कारण तिथे टर्बोचा दाब वाढवता येतो. आपल्या साध्या पेट्रोलला ते औषध फारसं लागू पडत नाही.

यापेक्षा फुकटचा उपाय मला डिकीत सापडला. सतरंजी, दोन घडीच्या खुर्च्या, पाण्याचा कॅन, जुनी रद्दी, आणि कोकणातून कधीतरी ‘असू दे’ म्हणून आणलेले दोन जांभे दगड. मोजलं नाही, पण तीस किलो सहज निघाले असतील. गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास, म्हणजे तीन टक्के भार कमी. ८७ घोड्यांच्या हिशोबात अडीच घोडे वाढल्यासारखंच की! साडेचार हजारांच्या फिल्टरने एवढं केलं नव्हतं.

इथवर सगळं गमतीचं होतं.

२०२३ च्या जुलैत बाबांना घेऊन साताऱ्याहून येत होते. भुरभुर पाऊस. खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याच्या बाजूला उतारावर ते एस वळण लागतं, माहीत असेलच. वेग फार नव्हता. पुढच्या ट्रकने ब्रेक लावला, मीही लावला. गाडी थांबलीच नाही. चाकं जागेवर लॉक झाली (आमच्या मॉडेलला एबीएस नाही) आणि गाडी साबणावर ठेवल्यासारखी सरकत राहिली. माझा हात भोंग्यावर होता. डबल आवाजाचा, दीड हजारांचा भोंगा! ब्रेक सोडून पुन्हा दाबायचं कसं सुचलं, आठवत नाही. ट्रकच्या फळीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र अजून डोळ्यांपुढे आहे, इतक्या जवळून मी ते वाचलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचे दोन्ही पाय समोरच्या मॅटवर घट्ट रोवलेले होते, जणू त्यांच्याही बाजूला ब्रेक होता.

शिरवळला चहाला थांबलो. माझे हात थरथरत होते. बाबा गाडीपाशी उकिडवे बसले, चष्मा पुसला आणि टायरच्या कडेला बोट लावून मोठ्याने वाचलं, ‘दोन नऊ एक चार.’ त्यांची सगळी नोकरी स्टोअर्समध्ये गेली. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तारीख शोधणार. टायरच्या कडेला लांबुळक्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. २९१४, म्हणजे २०१४ चा एकोणतिसावा आठवडा. टायर नऊ वर्षांचे होते. नक्षी शाबूत, पण रबर कडक. आणि ओल्या रस्त्यावर कडक रबर काही धरत नाही.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, ‘चूक माझी गं. असले टायर ठेवून गाडी तुझ्या हातात दिली.’

चमकदार अलॉय मी लावले होते आणि माफी बाबा मागत होते. तो चहा मला गेला नाही.

पुढच्या आठवड्यात पहिली खरेदी टायरची. मूळ साईज १६५/८० आर १४. याच स्विफ्टच्या झेडएक्सआयला कंपनी १८५/७० आर १४ देत होती, तीच घेतली. गणित सोपं आहे: जुन्या टायरचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, नव्याचा ६१४.६. एक टक्काही फरक नाही, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास खरंच बोलतो, आणि रस्त्यावर टेकणारं रबर मात्र रुंद. दुकानदार १६ इंची चाकांवर १९५/५० चे टायर घ्या म्हणून मागे लागला होता. दिसतात सही! पण मूळ टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच, त्यांची जेमतेम ९७. पावसाळ्यातल्या आपल्या खड्ड्यांत रिम वाकायला कितीसा वेळ?

मग ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑईल. हे ऑईल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्याकडे शेवटचं कधी बदललं ते बाबांच्या डायरीतही नव्हतं. (डायरीत पेट्रोलचा प्रत्येक रुपया आहे!) सस्पेन्शनचे रबरी बुश बदलले. बाहेरून काहीही दिसत नाही, सिग्नलला कुणीही वळून बघत नाही, पण गाडी वळणावर अशी ताठ राहायला लागली की मला पहिल्यांदाच ‘परफॉर्मन्स’ शब्दाचा अर्थ कळला.

हेडलाईटला मी एलईडी बल्ब घालणार होते. मिस्त्रींनी अडवलं. हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात असला बल्ब घातला की उजेड भलतीकडेच फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्याऐवजी त्यांनी रिलेची वायरिंग टाकली. जुन्या गाडीत बॅटरीपासून स्विचमार्गे दिव्यापर्यंत येईतो व्होल्टेज गळतं, आणि व्होल्टेज दहा टक्के पडलं तर हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. रिले बसवला की दिव्याला बॅटरीतून जाड वायरने थेट वीज. बल्ब तेच, साधे ६०/५५ वॉटचे. फरक बघून मी फक्त हसले.

२०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. आरसी पाच वर्षांसाठी नवी करायची, पाच हजार फी, ग्रीन टॅक्स वेगळा, आणि आरटीओत तपासणी. तेव्हा वाचायला बसले. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीत परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय विमा कंपनीला न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडकू शकतो, तो भाग वेगळाच. आरसीवर रंग चंदेरी आणि छत काळं! विनाईल हेअर ड्रायरने तापवून दोन रविवार सोलत बसले. भोंगा काढला, कंपनीचा परत लावला. स्पॉयलरही उतरवला. त्याची भोकं बुजवून रंगवायला स्पॉयलरपेक्षा जास्त पैसे गेले, हे बाबांना अजून माहीत नाही. अलॉय ठेवले. मला आवडतात, बस्स.

गाडी पास झाली. बाबांनी डायरीत टायरची नवी तारीख लिहून ठेवलीय, पाचवं चाक धरून.

लाल शिलाईचं स्टिअरिंग कव्हर मी काढायला घेतलं, तर त्यांनीच हात धरला. आता रविवारी सकाळी दूध आणायला अर्ध्या किलोमीटरवर गाडी नेतात. विचारलं तर म्हणतात, ‘ग्रिप चांगली आहे गं त्याची.’